‘अबाइड विथ मी’ नेमकं कोणाचं? लाइट, मंक, लिडल आणि मधली चौदा वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबा लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या उपासनेत ‘अबाइड विथ मी’ गायचं आहे, आणि छापील पत्रिकेत गीताखाली नावं द्यायची आहेत. शोधल्यावर लाइट, मंक आणि लिडल अशी तीन नावं सापडली. सालंही तीन सापडली, १८२०, १८४७ आणि १८६१. कवीने मरणाच्या उंबरठ्यावर बसून हे एका संध्याकाळी लिहिलं म्हणतात ते खरं का? आणि गांधीजींचं आवडतं गीत म्हणजे हेच का?

चर्चमध्ये ऑर्गन आणि पेटीपुढे बसण्यात माझी चाळीस वर्षं गेली. हे गीत किती दफनविधींना वाजवलं याची मोजदाद ठेवलेली नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पत्रिकेपुरतं आधी सांगतो. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे, १८४७. चाल विल्यम हेन्री मंक यांची, १८६१, आणि त्या चालीचं नाव ‘इव्हनटाइड’. लिडल यांचं नाव तुमच्या पत्रिकेत नको. ते का नको हे पुढे येईलच.

एका गीताला इतकी नावं कशी, याचं उत्तर मराठी माणसाला परकं वाटू नये. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून एक ओळ छापलेली असते, म्हणजे पद नाटककाराचं पण चाल आधीच लोकांच्या तोंडी असलेली. एकच अभंग दोन गवई दोन चालींत गातात आणि तुकोबांचं काही बिघडत नाही. इंग्रजी स्तोत्रांचा कारभार असाच आहे, फक्त त्याची वही नीट ठेवलेली. तिथे प्रत्येक चालीला स्वतःचं नाव असतं आणि प्रत्येक गीताला अक्षरांचं माप. आपल्या गीताचं माप आहे १०.१०.१०.१०, म्हणजे चार ओळी आणि प्रत्येक ओळीत दहा अक्षरं. या मापाची कुठलीही चाल उचलून कुठल्याही गीताला लावता येते. स्तोत्रपुस्तकाच्या शेवटी मापांची वेगळी सूचीच असते आणि आम्ही वादक तिचा मनसोक्त वापर करतो. म्हणून ‘हे गीत कोणाचं’ या प्रश्नाचे तिथे दोन प्रश्न होतात.

आता लाइट. जन्म १ जून १७९३, स्कॉटलंडमध्ये केल्सोजवळच्या एडनम गावी. शिक्षण आयर्लंडमध्ये, आधी एनिस्किलनच्या शाळेत, मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. १८१५ मध्ये दीक्षा झाली, आणि १८२०च्या दशकात ते डेव्हन किनाऱ्यावरच्या ब्रिक्समला पाळक म्हणून आले. ब्रिक्सम म्हणजे मासेमारीचं बंदर, मंडळी बहुतेक कोळी आणि खलाशी. पुढची वीसेक वर्षं त्यांनी तिथेच काढली. राहायचे ते समुद्रावरच्या बेरी हेड नावाच्या घरात, जे आधी सैनिकांचं इस्पितळ होतं. फुप्फुसं पहिल्यापासून नाजूक, त्यामुळे हिवाळा आला की डॉक्टर त्यांना दक्षिणेकडच्या उबदार हवेत पाठवायचे. १८३४ साली त्यांनी स्तोत्रसंहितेवर आधारलेल्या गीतांचं पुस्तक काढलं. त्यातलं ‘प्रेझ माय सोल द किंग ऑफ हेवन’ आजही इंग्लंडच्या राजघराण्याच्या लग्नांत ऐकू येतं. म्हणजे हा माणूस एका गीताचा धनी नव्हता.

सप्टेंबर १८४७ च्या पहिल्या रविवारी लाइट यांनी ब्रिक्समला शेवटचं प्रवचन केलं. क्षय बळावला होता आणि घरचे नको म्हणत होते. ते व्यासपीठावर गेले, प्रवचन केलं, प्रभुभोजन दिलं. त्याच संध्याकाळी त्यांनी एका जवळच्या नातलगाच्या हातात हे गीत ठेवलं, सोबत स्वतः बांधलेली एक चालही होती. काही दिवसांत ते नीसला निघाले. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. २० नोव्हेंबर १८४७ ला तिथेच त्यांचं निधन झालं, वय ५४. कबरही तिथल्या इंग्रजी दफनभूमीत आहे.

हा तपशील त्यांची मुलगी अ‍ॅना मारिया मॅक्सवेल हॉग यांच्याकडून आला. वडिलांच्या मागे १८५० मध्ये त्यांचं उरलेलं लेखन छापलं गेलं, त्याच्या सुरुवातीला तिने ही आठवण लिहिली आहे. ती बारकाईने वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. वडिलांनी त्या संध्याकाळी गीत *दिलं* असं ती म्हणते. त्याच संध्याकाळी *लिहिलं* असं नाही. किनाऱ्यावर फिरून आले, सूर्य मावळत होता, खोलीत गेले आणि तासाभरात गीत हातात घेऊन बाहेर आले, हे सगळं नंतरच्यांनी रंगवलेलं. ऑगस्ट १८४७ च्या अखेरच्या एका पत्रात लाइट यांनी हेच गीत आपली ताजी रचना म्हणून पाठवलेलं आहे. म्हणजे त्या रविवारच्या आधीच ते लिहून झालं होतं.

मग १८२० कुठून आलं? १९२५ मध्ये लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात एक वेगळी हकीकत छापून आली. तरुण लाइट आयर्लंडात वेक्सफर्डकडे राहत असताना विल्यम ऑगस्टस ल हंट या मरणासन्न मित्राला भेटायला गेले. तो मित्र ‘माझ्याजवळ राहा’ हे एवढेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. लाइट यांनी ते मनात धरून गीत लिहिलं आणि प्रत मित्राच्या घरच्यांना दिली. गोष्ट हृद्य आहे, पण शंभराहून जास्त वर्षांनी कागदावर आली. मी वजन देतो ते लाइट यांच्या स्वतःच्या पत्राला. शब्द मित्राच्या खाटेजवळ कानात पडले आणि गीत सत्तावीस वर्षांनी झालं, असंही असू शकतं. कवींचं तसं होतं. पत्रिकेत मात्र १८४७ च छापा.

मूळ आधार लूकच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय, २९ वं वचन. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना एक अनोळखी वाटसरू भेटतो. गाव येतं, तो पुढे निघायला लागतो, आणि हे दोघे त्याला आग्रह करतात: आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ होत आली, दिवस उतरला. तिन्हीसांजेला दारात आलेल्या पाहुण्याला पुढे जाऊ देऊ नये, ही आपल्याकडच्या कुठल्याही घरातली रीत. लाइट यांनी ‘आमच्याबरोबर’चं ‘माझ्याजवळ’ केलं आणि संध्याकाळ आयुष्याची केली. म्हणूनच हे गीत स्तोत्रपुस्तकांत ‘सायंकालीन गीतं’ या भागात टाकतात तेव्हा मला खटकतं. रोजच्या दिवेलागणीचं हे गीत नाही. मरणाऱ्या माणसाचं आहे.

मूळ कडवी आठ. पुस्तकांत पाच सापडतात, मधली तीन गाळलेली. गाळलेल्यांपैकी एका कडव्यात कवी म्हणतो, मला तुझी ओझरती नजर नको, जाता जाता टाकलेला शब्द नको; शिष्यांबरोबर राहिलास तसा ओळखीचा, धीराचा होऊन राहा. दुसऱ्या एका कडव्यात त्याला तरुणपणी आपण देवाला कसे सोडून गेलो ते आठवतं. सगळ्या मंडळीच्या तोंडी घालायला ती जरा खाजगी आहेत, गाळणाऱ्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. एकट्याने वाचायला मात्र आठही वाचा.

लाइट गेल्यावर गीताला लगेच पाय फुटले नाहीत. त्यांची स्वतःची चाल कोणी उचलली नाही. ती साधी आहे, पण तिला ओढ नाही. काही ठिकाणी ट्रॉइट यांच्या एका चँटवर म्हणत. चँट म्हणजे एकाच सुरावर बरीच अक्षरं सरकवत नेऊन शेवटी वळण घ्यायचं, आपल्याकडे आरतीनंतरची मंत्रपुष्पांजली एका सुरात म्हणतात त्या जातीचा प्रकार. अमेरिकेत हेन्री वॉर्ड बीचर यांनी १८५५ मध्ये आपल्या प्लायमथ संग्रहात हे गीत घेतलं ते हे वाचायचं आहे, गायचं नाही, अशी टीप देऊन! शब्द चांगले आहेत हे सगळ्यांना कळत होतं, फक्त गळ्यात बसत नव्हते.

१८६१ साली ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हे स्तोत्रपुस्तक निघालं. जुनी लॅटिन गीतं आणि नवी इंग्रजी, सगळी एका बांधणीत, आणि शब्द व चाल एकाच पानावर. समितीचे प्रमुख सर हेन्री बेकर, संगीत संपादक विल्यम हेन्री मंक. मंक लंडनचे, जन्म १८२३ चा. स्टोक न्यूइंग्टनच्या सेंट मथायस चर्चमध्ये १८५२ पासून १८८९ मध्ये वारले तोवर ऑर्गन वाजवत होते. या धंद्यातला माणूस म्हणून मला ती सदतीस वर्षं जास्त मोठी वाटतात.

चालीच्या जन्माच्याही दोन गोष्टी आहेत. एक अशी की समितीची बैठक संपताना लक्षात आलं, ‘अबाइड विथ मी’ला चालच नाही, आणि मंक यांनी बसल्या जागी दहा मिनिटांत ती लिहून दिली. दुसरी त्यांच्या पत्नीने सांगितलेली: घरात मोठं दुःख झालं होतं, दोघं रोज सूर्यास्त बघत बसायचे, आणि अशाच एका संध्याकाळी शेवटचा किरण विझताना त्यांनी कागद ओढून ही चाल उतरवली. लोक या दोन्हींत एक निवडायला बघतात. मला त्यात भांडण दिसत नाही. मनात महिनाभर घोळत असलेली गोष्ट कागदावर यायला दहा मिनिटं पुष्कळ होतात.

पेटी असेल तर पुढे ओढा. काळी दोन धरून सा लावा, मूळ स्वरपट्टी तीच आहे.

पहिली ओळ: ग ग रे सा प ध प प म ग.
दुसरी: ग म प ध प म रे ग, मग तीव्र म, प.
तिसरी: ग ग रे सा प प म म ग रे.
चौथी: रे ग म ग रे सा म ग रे सा.

आता गंमत बघा. सगळी चाल मध्य सप्तकातल्या सा ते ध एवढ्यात आहे, आणि गाण्याच्या सुरावटीत निषाद मुळीच नाही. ज्याला वर जाता येत नाही आणि खाली उतरता येत नाही, अशा कोणालाही ती गाता येते. रडून गळा दाटला असला तरी गाता येते, आणि दफनविधीत तेच लागतं. ओळींचे मुक्काम पाहा: ग, प, रे, सा. दुसऱ्या ओळीत अंधार दाटतो असे शब्द आहेत आणि नेमकं तिथेच, शुद्ध मध्यम नुकताच येऊन गेलेला असताना, तीव्र मध्यम लागतो आणि सूर पंचमावर उजळून उभा राहतो. पहिल्यांदा ऐकणारासुद्धा तिथे मान वर करतो.

मात्रा मोजल्या तर प्रत्येक ओळ बरोबर सोळा मात्रांची आहे, तीनतालाचं एक आवर्तन. पहिल्या तीन ओळींची वाटणी सारखी: २, १, १, २, २, १, १, १, १ आणि शेवटी ४. या वाटणीत एक दोषही आहे, आणि तो इंग्रजी गायकांना बरोबर सापडतो. ‘अबाइड’ शब्दात जोर ‘बाइड’वर हवा, पण मंक समेवर दोन मात्रा देतात त्या ‘अ’ला. दुसऱ्या ओळीत तर ‘द’सारख्या भरीच्या शब्दाला सम मिळते. पण चौथ्या ओळीत वाटणी बदलते: २, १, १, मग चार एकेरी, मग २, २, ४. तिथे ‘अबाइड विथ मी’ हेच शब्द पुन्हा येतात आणि या खेपेला ‘बाइड’ जोराच्या मात्रेवर, दोन मात्रांचा. मंक यांनी हे ठरवून केलं की हाताच्या ओघात झालं, कोणास ठाऊक. गाताना मात्र ते सुटल्यासारखं वाटतं. म्हणून माझ्या गायनमंडळाला मी एकच सांगत आलो: पहिल्या ‘अ’वर बसू नका, हलकेच सोडा, वजन चौथ्या ओळीसाठी राखून ठेवा.

मराठीत ही अडचण कमी होते, कारण आपल्याकडे जोर नाही, ऱ्हस्व-दीर्घ आहे. ‘राहा’ म्हटलं की पहिलंच अक्षर दीर्घ, ते दोन मात्रांत आपसूक बसतं. अडचण येते ती दुसरीकडे. दहा अक्षरांत इंग्रजी जेवढं सांगते तेवढं मराठीत मावत नाही, प्रत्यय लागले की ओळ फुगते. इंग्रजी मापात मराठी कोंबण्याच्या या त्रासातूनच कृष्णाजी रत्नाजी सांगळे आणि नारायण वामन टिळक यांच्यासारख्यांनी आपल्या वृत्तांत, आपल्या चालींत ख्रिस्ती गीतं लिहिली, आणि आमच्या मंडळ्यांत ती जास्त मोकळ्या गळ्याने गायली जातात हे ऑर्गनपुढे बसणाऱ्यानेही कबूल करायला हवं.

लिडल यांचं राहिलं. सॅम्युअल लिडल यांनी १८९०च्या दशकात हेच शब्द घेऊन एकट्या गायिकेसाठी मैफलीचं गाणं बांधलं. क्लारा बट या खर्जाच्या भारदस्त आवाजाच्या गायिकेने ते गाजवलं. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर लिडल हे नाव दिसतं ते त्यामुळे. ती वेगळी रचना आहे, मंडळीने गायची नाही. आणि ध्वनिमुद्रिका शोधताना १९५७ ची थेलोनियस मंक या जॅझ वादकाची एक सापडेल. फक्त फुंकीची वाद्यं, पियानो नाही, जेमतेम मिनिटभराची. तो वेगळा मंक, पण चाल आपल्याच मंकची. आडनाव सारखं म्हणून त्याला गंमत वाटली असावी. आजोबा क्लॅरिनेटवाले होते, तेव्हा ही जरूर ऐका.

पुढे या गीताने चर्चची भिंत ओलांडली. १२ ऑक्टोबर १९१५ ला ब्रसेल्समध्ये जर्मनांनी एडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेला गोळ्या घातल्या. आदल्या रात्री तिने पाळकाबरोबर हेच शब्द म्हटले होते. १९२७ पासून इंग्लंडच्या एफ. ए. कप फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी सगळं मैदान ते गातं. आणि दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीटमध्ये कित्येक दशकं सूर्य कलताना बँड हीच चाल वाजवायचे, मध्ये घंटांचे सूर दुरून यायचे. आजोबांच्या ओठांवर ती आली ती बहुधा याच वाटेने. २०२२ पासून ती कार्यक्रमातून गेली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. त्या गीताची चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या चितळकरांची. बदल मला रुचला नाही, पण जागा घेणारी चाल हलकी होती असं कोणी म्हणू नये.

गांधीजींच्या बाबतीत दोन गीतांची सरमिसळ होते. ‘अबाइड विथ मी’ त्यांना प्रिय होतं असं सांगितलं जातं आणि बीटिंग रिट्रीटशी त्यांचं नाव जोडलं जातं ते त्यावरूनच. पण आश्रमात मुरलं ते दुसरं, ‘लीड काइंडली लाइट’. नरसिंहराव दिवेटिया यांनी त्याचं ‘प्रेमळ ज्योति’ हे गुजराती रूप केलं आणि ते आश्रमाच्या प्रार्थनेत गायलं जाई. आश्रमाची प्रार्थना सुरात आणणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे मराठी, विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य. ‘लीड काइंडली लाइट’चे शब्द जॉन हेन्री न्यूमन यांचे, जून १८३३ मध्ये पालेर्मोहून मार्सेयला जाताना वारा पडून जहाज थबकलं तेव्हा लिहिलेले. चाल जॉन बॅकस डाइक्स यांची, १८६५ ची. स्वतः न्यूमन म्हणत की गीत लोकप्रिय झालं ते डाइक्स यांच्या चालीमुळे. असं म्हणायला ते हयात तरी होते. लाइट यांनी मंकची चाल ऐकलीच नाही. ते गेले तेव्हा मंक चोवीस वर्षांचे होते.

तर पत्रिकेत असं छापा: शब्द: हेन्री फ्रान्सिस लाइट, १८४७. चाल: ‘इव्हनटाइड’, विल्यम हेन्री मंक, १८६१. पाच कडवी लांब वाटली तर पहिलं, दुसरं आणि शेवटचं ठेवा. शेवटच्याला हात लावू नका. त्याची सुरुवात ‘होल्ड’ या जोरकस शब्दाने होते, तो समेवर चोख बसतो, आणि त्यात मिटत्या डोळ्यांपुढे क्रूस धरायची विनंती आहे. ऑर्गन नसेल तर पेटी चालेल, पण भाता हळू आणि सलग ठेवा, ओळीच्या मध्ये तोडू नका. मंडळीत वयस्क लोक जास्त असतील तर काळी दोनऐवजी पांढरी दोनवर घ्या. आणि शक्य असेल तर एक कडवं शब्दांशिवाय, नुसत्या क्लॅरिनेटवर होऊ द्या.